इन्दक सुत्तातील गर्भ: आत्मा, कर्म आणि मातेचा आहार

गेल्या वर्षावासात केळवे येथे एका उपासकाच्या घरी इन्दक सुत्तावर बोलण्याचा योग आम्हांस आला. मुंबईकर केळव्याला ओळखतात ते समुद्रकिनाऱ्यासाठी आणि सुरूच्या बनासाठी. आसपासचे श्रद्धाळू लोक ते शीतलादेवीच्या देवळासाठी ओळखतात. आमच्यासमोर बसलेल्या उपासक-उपासिकांत केळव्याचे, पालघरचे आणि बोईसरच्या कारखान्यांत काम करणारे लोक होते. व्याख्यान संपले, सरणत्तय झाले आणि मग रेल्वेमार्गाच्या पूर्वेकडील एका पाड्यावर अंगणवाडी चालविणारी एक भगिनी उभी राहिली.

"सर, गर्भ आईच्या जेवणावर वाढतो असं तुम्ही आत्ता सांगितलंत. पण मागे आमच्याकडे एक पुस्तिका वाटली. तिच्यात लिहिलंय की मूल कसं जन्माला येणार हे त्याच्या मागच्या जन्मीच्या कर्मानं ठरतं. मी रोज काट्यावर मुलं तोलते. ज्याचं वजन कमी भरतं त्याच्या आईला मी यातलं काय सांगायचं?"

त्या वेळी आम्ही थोडक्यात उत्तर दिले. परंतु परतीच्या प्रवासात ते उत्तर अपुरे असल्याची जाणीव होत राहिली. ती पुस्तिका नंतर आम्ही मिळवून वाचली. तिच्या लेखकाचा हेतू चांगला आहे; म्हणून त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. तिच्यातील विचार एकट्या लेखकाचे नाहीत. ते आज अनेक व्याख्यानांतून आणि घरोघरच्या कार्यक्रमांतून ऐकू येतात. ते तीन आहेत. पहिला, आधुनिक गर्भविज्ञान तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले. दुसरा, बौद्ध कुटुंबांनी सुत्तपठणाद्वारे 'बौद्ध गर्भसंस्कार' करावेत. तिसरा, बालकाचे व्यंग, दुर्बलता व अल्पायुष्य हे पूर्वकर्माचे फळ होय. या तिन्हींना आधार म्हणून इन्दक सुत्त पुढे केले जाते. तेव्हा प्रथम मूळ सुत्ताकडे जाणे इष्ट.

सुत्त आणि त्याचा प्रसंग

संयुत्त निकायाच्या सगाथवग्गात यक्खसंयुत्त आहे. त्यातील हे पहिलेच सुत्त. भगवान राजगृह येथे इन्दकूट पर्वतावर इन्दक यक्खाच्या निवासस्थानी राहत असता यक्ख त्यांना प्रश्न करतो. त्याचा आशय असा: रूप म्हणजे जीव नव्हे असे बुद्ध सांगतात, मग या जीवाला हे शरीर मिळते तरी कसे? ही हाडे, हा यकृताचा गोळा कोठून येतो? गर्भाशयात तो चिकटून राहतो कसा?

प्रश्नकर्त्याने जीव गृहीत धरला आहे, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आले असेलच. एक तयार जीव कोठून तरी येतो आणि शरीराला धरून बसतो. हे धरणे कसे घडते एवढेच त्याला हवे आहे. भगवंतांच्या उत्तरात जीवाचा उल्लेखही नाही. प्रथम कलल, कललापासून अब्बुद, अब्बुदापासून पेसि, पेसीपासून घन आणि घनापासून पसाखा, म्हणजे शाखा फुटतात. पुढे केस, लोम व नखे येतात. शेवटी तथागत सांगतात की, माता जे अन्नपान घेते, त्यावर तिच्या उदरातील मनुष्य जगतो.

उत्तर एवढेच आहे. आत्म्याविषयी विचारलेला प्रश्न मातेच्या अन्नावर येऊन थांबतो. या सुत्ताचे वाचन करताना बहुतेकांची नजर पाच अवस्थांच्या नावांवर खिळते आणि शेवटचे वाक्य पूरक म्हणून मागे पडते. आमच्या मते सुत्ताचा भार त्या शेवटच्या वाक्यावर आहे, आणि प्रस्तुत लेखात आम्ही तेच दाखवू इच्छितो.

अट्ठकथेचे साह्य आणि मर्यादा

या सुत्ताचे विवरण संयुत्त निकायाच्या सारत्थप्पकासिनी या अट्ठकथेत येते. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी सिंहलातील जुन्या अट्ठकथांच्या आधारे ती रचली. अट्ठकथाकार यक्खाला पुग्गलवादी म्हणतात. सत्त्व एका झटक्यात, सगळाच्या सगळा मातेच्या कुशीत उत्पन्न होतो असे या यक्खाचे मत होते. ते खोडून काढण्यासाठी भगवंतांनी क्रम सांगितला, असे त्यांचे म्हणणे. हा खुलासा मोलाचा आहे. सुत्तात क्रम आला तो वैद्यकाचा पाठ देण्यासाठी आला नाही. मनुष्य क्रमाक्रमाने, पूर्वीच्या अवस्थेवर पुढची अवस्था अवलंबून राहत घडतो हे सांगण्यासाठी तो आला. पटिच्चसमुप्पादाचाच हा देहावरील दाखला होय.

पुढे अट्ठकथा प्रत्येक अवस्थेस सात दिवस देते आणि उपमा योजते. कलल हे लोकरीच्या बारीक धाग्याच्या टोकावर ठरलेल्या तेलाच्या थेंबाएवढे. अब्बुद मांस धुतलेल्या पाण्याच्या रंगाचे. पेसि वितळलेल्या कथिलासारखी. आणि ती समजावी म्हणून पिकलेल्या मिऱ्यांचा रस पिळून खापरावर उन्हात ठेवणाऱ्या खेड्यातील मुलींचे उदाहरण. घन कोंबडीच्या अंड्याच्या आकाराचे. पाचव्या आठवड्यात दोन हात, दोन पाय व डोके यांचे पाच उंचवटे. नाभीची नाळ कमळाच्या देठाप्रमाणे आतून पोकळ असून तिच्यातून आहाररस गर्भाला पोहोचतो.

या उपमा विद्यापीठातल्या नव्हेत. लोकर, मांस धुतलेले पाणी, मिरी, अंडे हे सारे स्वयंपाकघर आणि अंगण यांतले आहे. गर्भपाताच्या वेळी सुइणींनी व घरच्या स्त्रियांनी जे पाहिले असेल, त्याचे संचित या वर्णनात उतरले असावे असे आम्हांस वाटते. हे अनुमान आहे; पण उपमांची जात पाहता ते दूरचे नाही.

'विज्ञानाचा दाखला' या दाव्याविषयी

आता पहिला दावा. आजच्या गर्भविज्ञानानुसार फलित बीज सहाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागते. हृदयाचे स्पंदन बाविसाव्या दिवसाच्या आसपास सुरू होते. हातांचे व पायांचे अंकुर चौथ्या आठवड्यात दिसू लागतात. पाचव्या आठवड्यात पाच उंचवटे सांगणारी अट्ठकथा येथे वस्तुस्थितीच्या बरीच जवळ आहे, यात शंका नाही. परंतु तीच अट्ठकथा केस व नखे बेचाळिसाव्या आठवड्यात आणते. गर्भधारणेपासून मोजले तर मूल सामान्यतः अडतीस आठवड्यांत जन्मते. नखे दहाव्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागतात आणि अंगावरील लव चौथ्या-पाचव्या महिन्यात दिसते. म्हणजे जेथे जुळते तेथे 'बुद्धांनी आधीच सांगितले' म्हणावयाचे आणि जेथे चुकते तेथे मौन बाळगावयाचे, असा हा व्यवहार होतो. हा प्रामाणिक अभ्यास नव्हे.

दुसरी गोष्ट. सस्तन प्राण्याचे अंड कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये प्रथम ओळखले. स्त्रीबीज व पुरुषबीज यांच्या संयोगाची आधुनिक कल्पना पालि ग्रंथांत नाही. आणि तिसरी गोष्ट अशी की, कलल, अर्बुद, पेशी, घन हे शब्द केवळ बौद्धांचे नाहीत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ते आहेत. गर्भोपनिषदातही एका रात्रीचे कलल व सात रात्रींचे बुद्बुद आहे. हा प्राचीन भारताचा सामाईक शब्दसाठा होता. त्यावर एकट्या परंपरेने मालकी सांगणे म्हणजे ब्राह्मणी पंडित वेदांत विमाने शोधतात त्याच वाटेने जाणे होय. आपण ज्या रीतीची टीका करतो, ती रीत आपल्या विहारात आली म्हणून शुद्ध होत नाही.

शब्द सामाईक, मांडणी वेगळी

मात्र शब्द सामाईक असले तरी त्यांची मांडणी सामाईक नाही, आणि अभ्यासकाने शोधावयाचे ते येथे. सुश्रुतात पहिल्या महिन्यात कलल होते. दुसऱ्या महिन्यात ते घट्ट होते; त्याचा पिंड झाला तर पुरुष, पेशी झाली तर स्त्री, अर्बुद झाले तर नपुंसक, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे पेशी आणि अर्बुद ही तेथे लिंगाची लक्षणे आहेत.

इन्दक सुत्तात तेच शब्द एकामागून एक येणाऱ्या अवस्था म्हणून येतात. प्रत्येक मनुष्य अब्बुद होतो, प्रत्येक मनुष्य पेसि होतो. या क्रमात कोठेही पुत्र आणि कन्या अशा दोन वाटा फुटत नाहीत. गृह्यसूत्रांनी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पुंसवन सांगितले, पुत्र व्हावा म्हणून विधी सांगितला. निकायांतील गर्भवर्णनात अशा विधीला जागाच नाही. कोसलराज पसेनदी कन्याजन्माची वार्ता ऐकून खिन्न झाला तेव्हा भगवंतांनी त्याला, कन्या ही पुत्राहूनही श्रेष्ठ ठरू शकते, असे सांगितल्याचे याच सगाथवग्गात कोसलसंयुत्तात आले आहे.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा. केंद्राचा कायदा १९९४ चा. असे कायदे करावे लागले, यातच समाजाची स्थिती दिसते. पुस्तिकेच्या लेखकाने सुत्तातून काही घ्यावयाचेच होते, तर हा लिंगनिरपेक्ष क्रम घ्यावयाचा होता. त्याऐवजी त्याने 'तेजस्वी संततीसाठी' सुत्तांचे वेळापत्रक दिले आहे, आणि त्यातील सर्व उदाहरणे पुत्रांची आहेत.

गन्धब्बाची जात कोणती?

येथे एक अडचण लपवून चालणार नाही. मज्झिम निकायाच्या महातण्हासंखय सुत्तात गर्भधारणेसाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: मातापित्यांचा संयोग, मातेचा ऋतुकाळ आणि गन्धब्बाची उपस्थिती. दीघ निकायाच्या महानिदान सुत्तात विञ्ञाण मातेच्या कुशीत उतरले नाही तर नामरूप आकारास येणार नाही, असे आहे. या वचनांवर बोट ठेवून अनेकजण म्हणतात की, बौद्ध धम्मातही बाहेरून येणारे काहीतरी आहेच.

याला दोन उत्तरे आहेत. पहिले, त्याच महातण्हासंखय सुत्ताचा आरंभ साति नावाच्या भिक्खूच्या चुकीच्या समजुतीपासून होतो. तेच ते विञ्ञाण जन्मोजन्मी धावत राहते, असे साति म्हणत होता. भगवंतांनी त्याला कठोर शब्दांत फटकारले आणि विञ्ञाण हे प्रत्ययांवर अवलंबून उत्पन्न होते, असे बजावले. ज्या सुत्ताचा हेतू फिरत्या आत्म्याचे खंडन हा आहे, त्यातील गन्धब्बाला फिरता आत्मा करणे हा सुत्तावर अन्याय होय. अट्ठकथाही गन्धब्ब म्हणजे कोठे तरी उभा राहून वाट पाहणारा कोणी, असा अर्थ घेत नाही.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. हाच गन्धब्ब अस्सलायन सुत्तात पुन्हा भेटतो, आणि तेथे वाद जातीचा आहे. सात ब्राह्मण ऋषी आपल्या वर्णाचे श्रेष्ठत्व मिरवीत असता असित देवल त्यांना विचारतो: तुमच्या मातेच्या सात पिढ्यांतील स्त्रिया ब्राह्मणाकडेच गेल्या, हे तुम्ही जाणता काय? नाही. गर्भधारणा कशी होते हे जाणता ना? हो, तीन गोष्टी जुळल्या म्हणजे. मग तो गन्धब्ब क्षत्रिय असतो, ब्राह्मण असतो, वैश्य असतो की शूद्र, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? ठाऊक नाही. तर मग तुम्ही कोण, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? ऋषी निरुत्तर होतात.

निकायांत गर्भाचे वर्णन ज्या ठिकाणी येते ती ठिकाणे एकत्र ठेवून पाहिली की एक गोष्ट दिसते. इन्दक सुत्तात ते आत्मवादाविरुद्ध येते, महातण्हासंखयात सातीच्या शाश्वतवादाविरुद्ध, अस्सलायनात जातिश्रेष्ठत्वाविरुद्ध. गर्भ हा वादातील पुरावा आहे. त्या वादातून तो उपटून काढला आणि एकटा ठेवला, की तो एकतर चमत्कार होतो किंवा कर्मकांडाचे निमित्त होतो.

बाबासाहेबांचे वाचन

१९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या चौथ्या खंडात, कर्मविषयक भागात, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यक्खाचा हा संवाद नेमका उचलला आहे. हिंदू कर्मसिद्धान्तानुसार मुलाला आईबापांकडून फक्त देह मिळतो आणि आत्मा बाहेरून येऊन त्यात प्रवेश करतो. पूर्वकर्म या आत्म्याबरोबर येते. देहाचे व मनाचे गुण मातापित्यांकडून येतात असे विज्ञान सांगते. मग पूर्वकर्माला राहण्यास जागा कोणती? बाबासाहेब हा प्रश्न करतात आणि तथागतांची भूमिका दाखविण्यासाठी कललापासून मातेच्या अन्नापर्यंतचे उत्तर पुढे ठेवतात.

संपूर्ण निकायांतून हे छोटेसे सुत्त निवडणे ही एका समर्थ वाचकाची निवड आहे. पालि अभ्यासकांनी या सुत्ताकडे वैद्यकाच्या इतिहासातील एक नोंद म्हणून पाहिले. बाबासाहेबांनी ते पुन्हा वादात उभे केले, जेथे ते मुळात होते. एवढे मान्य करून एक गोष्ट नम्रपणे नोंदवावीशी वाटते. बाबासाहेबांनी या संवादावर आनुवंशिकतेच्या युक्तिवादाचा भार ठेवला आहे. मूळ गाथेत पित्याचा उल्लेख नाही, आनुवंशिकतेचाही नाही. तेथे आहे ती केवळ माता आणि तिचे अन्नपान. तेव्हा आनुवंशिकता हा बाबासाहेबांनी आधुनिक विज्ञानाच्या आधारे केलेला विस्तार समजावा. गाथेचा स्वतःचा शब्द आहाराचा आहे.

आणि गंमत अशी की, आहाराचा तो शब्द बाबासाहेबांनी ग्रंथात नव्हे तर कायदेमंडळात विस्तारला. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूतिलाभ विधेयकावर बोलताना त्यांनी मातेला प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार बव्हंशी सरकारने उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली. १९२९ मध्ये तो मुंबई प्रांताचा कायदा झाला. आम्हांस हे भाषण इन्दक सुत्ताच्या शेवटच्या वाक्यावरील उत्तम भाष्य वाटते, जरी ते करताना सुत्त त्यांच्या मनात असेल अथवा नसेल.

पूर्वकर्माचा प्रश्न

आता भगिनीच्या प्रश्नाचा गाभा. निकायांत पूर्वकर्माचा उल्लेख नाहीच, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. चूळकम्मविभंग सुत्तात अल्पायुषी व रोगी असण्याची कारणे पूर्वीच्या कृत्यांत दाखविली आहेत, आणि पुस्तिकेचा सारा आधार हेच सुत्त आहे. परंतु एका सुत्ताने सिद्धान्त ठरत नाही. संयुत्त निकायात मोळियसीवक परिव्राजक विचारतो की, जे जे सुखदुःख भोगावे लागते ते सारे पूर्वकृत्यांमुळे, हे मत खरे काय? भगवंत त्याला पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, विषम निगा, बाहेरचा आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगतात. आणि सर्व काही पूर्वकर्मावर टाकणारे लोक स्वानुभवाच्या व जगात सत्य मानलेल्या गोष्टींच्या पलीकडे धावतात, असे म्हणतात.

त्याहून स्पष्ट आहे ते अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातील तित्थायतन सुत्त. सर्व काही पूर्वकृत्यामुळे, सर्व काही ईश्वरामुळे, सर्व काही अकारण, ही तीन मते तेथे नाकारली आहेत. कारण एकच: ही मते धरली तर काय करावे आणि काय करू नये याला अर्थ उरत नाही, माणूस हातपाय गाळून बसतो. आणि याच सुत्तात पुढे सहा धातूंच्या आश्रयाने गर्भाची अवक्रान्ती होते, असे सांगितले आहे. पूर्वकर्मवादाचे खंडन आणि गर्भाची उत्पत्ती ही दोन्ही एकाच सुत्तात शेजारी शेजारी आहेत. पुस्तिकेच्या लेखकाने हे सुत्त वाचले असते तर त्याला आपले तिसरे प्रकरण लिहिता आले नसते.

केळव्याच्या देवळाची आठवण येथे प्रस्तुत आहे. मुलांच्या अंगावर उठणाऱ्या त्या भयंकर रोगाला मराठीत 'देवी'च म्हणत. 'देवी आल्या', 'देवी टोचल्या' असेच आपण बोलत आलो. रोग हा देवीचा कोप होता तोवर नवस करणे एवढेच आईच्या हाती होते. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल या मुलीला हिंदुस्थानातील पहिली यशस्वी लस टोचली गेली, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, कोणाचा कोप शांत झाला म्हणून गेला नाही. देवीच्या कोपाच्या जागी पूर्वकर्म ठेवणाऱ्या बौद्धाने फक्त नाव बदलले आहे. आईच्या हाती त्यानेही काही दिले नाही.

पालघरचा जिल्हा आणि सुत्ताचे शेवटचे वाक्य

केळव्याहून पूर्वेस जावे तसे बागायत संपते आणि विक्रमगड, जव्हार, मोखाडा येथील डोंगराळ मुलूख लागतो. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, पण कुपोषणाच्या बातम्या थांबल्या नाहीत. भातकापणी संपली की येथील कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. गरोदर स्त्री त्यांच्याबरोबर जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली.

गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते. आपण गरोदर आहोत हे त्या वेळी अनेक स्त्रियांना कळलेलेही नसते. या नळीसाठी लागणारे फोलेट मातेच्या शरीरात त्याआधीच असावे लागते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात गर्भात असलेल्या मुलांच्या प्रकृतीवर त्या उपासमारीच्या खुणा प्रौढपणीही आढळल्या. मातेच्या अन्नपानावर गर्भस्थ मनुष्य जगतो, हे सुत्तातले विधान शास्त्रज्ञांनी आज बारकाव्यानिशी दाखविले आहे. मात्र सुत्ताचा गौरव त्याने पूर्ण होत नाही. मातेच्या ताटात अन्न पडले म्हणजे तो होईल. २०१५ मध्ये आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक पूर्ण जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. ती त्या त्या पाड्यावर नीट चालते की नाही हे पाहणे, आमच्या मते, दुसऱ्या दाव्यातील 'बौद्ध गर्भसंस्कारा'हून अधिक बौद्ध कार्य आहे.

सुत्तपठणाला आमचा विरोध नाही. अडलेल्या स्त्रीची वेदना पाहून व्याकूळ झालेल्या अंगुलिमालाची कथा प्रसूतीपूर्वी ऐकविली जाते, त्याने गरोदर स्त्रीला धीर येतो. एकेकाळच्या खुन्याच्या मनात करुणा उपजल्याची ती कथा आहे. पण रक्तवाढीच्या गोळ्यांची जागा पठण घेऊ शकत नाही, आणि पठण ऐकणारी स्त्री उपाशी असेल तर ऐकविणाऱ्याने आधी स्वयंपाकघरात जावे.

जन्मानंतर

महातण्हासंखय सुत्त जन्मापाशी थांबत नाही. माता नऊ-दहा महिने मोठ्या काळजीने हा भार वाहते, मग बालकाला स्वतःच्या रक्तावर पोसते; आर्यविनयात मातेच्या दुधाला रक्तच म्हटले आहे, असा तेथे उल्लेख आहे. पुढे इंद्रिये परिपक्व होऊ लागली की मूल खेळू लागते, आणि सुत्त त्याची खेळणीच मोजून दाखविते: लहानसा नांगर, विटीदांडू, कोलांट्या, वाऱ्यावर फिरणारे भिरभिरे, पानांचे माप, छोटा गाडा, छोटे धनुष्य. अट्ठकथाकार सांगतात की भिरभिरे ताडाच्या पानाचे असते. केळव्याच्या मुलांना ते समजावून सांगावे लागणार नाही.

खेळ हा वाढीचा टप्पा आहे आणि खेळणी आसपासच्या वस्तूंचीच होतात, ही जाण याच जिल्ह्याने देशाला दिली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ मध्ये कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, पाने, शिंपले, खडे, बिया यांतून शिकवावे, ही त्यांची रीत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवेने अंगणवाडी हा शब्द देशभर नेला. ज्या भगिनीने आम्हांस प्रश्न केला, ती या परंपरेची वारस आहे.

तिला आमचे उत्तर असे. मज्झिम निकायाच्या अभयराजकुमार सुत्तात राजकुमाराच्या मांडीवर तान्हे मूल पडलेले असते. भगवान विचारतात: तुझ्या किंवा दाईच्या प्रमादामुळे या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? मी तो काढीन, राजकुमार म्हणतो. एका हाताने डोके धरीन, दुसऱ्या हाताचे बोट वाकवून, रक्त आले तरी काढीन. कारण मुलाविषयी मला अनुकंपा आहे. या संवादात मुलाच्या पूर्वकर्माचा विचार कोणीच करीत नाही. प्रमाद कोणाचा, तर मोठ्यांचा. आणि करावयाचे काय, तर खडा काढावयाचा.

म्हणून ताई, काट्यावर वजन कमी भरले तर त्या आईला मुलाचे पूर्वकर्म सांगू नका, आणि तिचे स्वतःचेही सांगू नका. ती काय खाते, तिला काम किती, भट्टीवर ती कधी जाणार, हे विचारा आणि नोंदवा. ती नोंद घेऊन आमच्याकडे, ग्रामपंचायतीकडे, आरोग्य केंद्राकडे या. उत्तर देण्याची जबाबदारी आमची आहे.